'येत नाही' आणि 'करवत नाही' : बहुविध व्याधींच्या मुलाचे संगोपन आणि मराठीची क्रियापदे

१

ज्या मुलाला एकाच वेळी अनेक व्याधी आहेत आणि ज्याचा विकासही मंद गतीने होत आहे, अशा मुलाच्या आईबापांचे जीवन मराठी वाङ्मयात कितपत उतरले आहे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. अशी कृती समोर आली म्हणजे तिला करुणरसाच्या सदरात टाकावयाचे, लेखकाच्या सहृदयतेची प्रशंसा करावयाची आणि पुढे जावयाचे, अशी आपली सामान्य रीत आहे. परंतु सहृदयता हा लेखकाचा गुण झाला. कृतीने त्या मुलाविषयी नेमके काय सांगितले, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. त्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात भाषेच्या, आणि त्यातही क्रियापदाच्या, अंगाने करावयाचा आहे.

विचारासाठी तीन प्रकारची सामग्री घेतली आहे. पहिली, एक नाटक आणि दोन चित्रपट : जयवंत दळवी यांचे 'नातीगोती', संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) आणि संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४). चित्रपटांचा विचार येथे संहिता म्हणूनच केला आहे. दुसरी सामग्री रुग्णालयातील केसपेपर आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही होय. कोणी म्हणेल, हे वाङ्मय नव्हे. परंतु अशा मुलाच्या घरात जे सर्वांत अधिक वेळा वाचले जाते ते हेच, म्हणून त्याची समीक्षा टाळता येत नाही. तिसरी सामग्री भिवंडीतील आयांच्या बोलण्याची आहे. ती शास्त्रीय पाहणी नसून रुग्णालयांच्या बाकांवर अनेक वर्षे बसून कानांवर पडलेली भाषा आहे. प्रस्तुत लेखिका तेथे अभ्यासक म्हणून बसलेली नव्हती. तिची कन्या आज अकरा वर्षांची असून तिला डाउन सिंड्रोम आहे, हे येथेच सांगितलेले बरे. म्हणजे पुढील विवेचनात कोठे तोल गेला असल्यास वाचकांना त्याचे कारण कळेल.

डाउन सिंड्रोम हे बहुविध व्याधींचे ठळक उदाहरण आहे. १८६६ साली जॉन लँगडन डाउन या इंग्रज वैद्याने त्याचे वर्णन केले आणि १९५९ साली जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत हे त्याचे कारण प्रसिद्ध केले. लोकांच्या दृष्टीस मुलाचा चेहरा आणि त्याची मंद बुद्धी एवढेच पडते. प्रत्यक्षात अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयविकार असतो. कानांत द्रव साचून ऐकू कमी येणे, कंठस्थ ग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे मांद्य, दृष्टिदोष आणि स्नायूंचा सैलपणा या गोष्टीही वारंवार आढळतात. म्हणजे एकाच देहात शिकावयाचे राहिलेलेही असते आणि दुखणेही असते. या दोहोंतील भेद ओळखणे हेच अशा मुलाच्या संगोपनातील अर्धे काम होय. मराठी भाषेने हा भेद आपल्या व्याकरणात फार पूर्वीच करून ठेवला आहे. वाङ्मयाने आणि कागदपत्रांनी मात्र तो पुसून टाकला, असे या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

एखादे मूल चालत नाही, ही घटना मराठीत निदान चार प्रकारांनी सांगता येते.

(अ) 'तिला चालता येत नाही.' येथे 'येणे' हे क्रियापद कौशल्य दाखविते. पोहता येणे, वाचता येणे, शिवता येणे ही त्याच जातीची रूपे. ज्याला ते येते तो चतुर्थीत असतो. म्हणजे विद्या जणू बाहेरून त्याच्याकडे यावयाची असते आणि ती आली नाही याचा दोष त्याच्यावर पडत नाही. या रचनेला 'अजून' हे अव्यय सहज जुळते : 'तिला अजून चालता येत नाही.'

(आ) 'तिला चालवत नाही.' हे शक्य क्रियापद. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत या क्रियापदांचे स्वतंत्र सदर आहे. येथे कौशल्य गृहीत धरलेले असते. कमी पडते ते बळ. ज्वराने उठवत नाही, धापेने चढवत नाही, घसा धरल्याने गिळवत नाही. या रचनेला 'आज', 'आता', 'इतके' ही अव्यये जुळतात. 'अजून' लागलेच तर ते दुखण्यातून उठलेल्या माणसाचे 'अजून' असते, शिकणाऱ्याचे नव्हे. शिवाय ही रचना केवळ शरीराची नाही. 'बघवत नाही', 'सांगवत नाही', 'सोसवत नाही' ही मनाची रूपेही तीच होत.

(इ) 'ती चालत नाही.' हा साधा कर्तरी प्रयोग. 'ती' येथे प्रथमेत असून कर्तेपण तिच्याकडे आहे. म्हणून हे वाक्य सवय सांगते किंवा इच्छा सांगते. 'ऐकत नाही', 'जेवत नाही', 'बसत नाही' या तक्रारी याच साच्यातल्या. ज्याच्याविषयी ते उच्चारले जाते तो जबाबदार ठरतो.

(ई) 'ती चालेनाशी झाली.' म्हणजे पूर्वी ती चालत होती, आता थांबली. एवढ्या एका रूपात मागचा काळ, आजची स्थिती आणि दोहोंमधला बदल सामावलेला आहे.

वैद्यकाच्या दृष्टीने या चार वाक्यांचे चार निरनिराळे अर्थ होतात. पहिले वाक्य शिकविण्याची गरज सांगते. दुसरे हृदय, रक्त, सांधे अथवा वेदना यांच्याकडे बोट दाखविते. तिसऱ्याचा विषय वर्तन हा आहे. चौथे वाक्य ही धोक्याची सूचना असते. डाउन सिंड्रोम असलेले मूल चालेनासे झाले अथवा त्याची चाल बदलली, तर मानेच्या वरच्या मणक्यांतील सैलपणाने मज्जारज्जूवर दाब येत नाही ना, हे तातडीने पाहावे लागते. तसेच स्वमग्न मुलांपैकी काहींच्या बाबतीत दीड-दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्द जातात. 'बोलता येत नाही' आणि 'बोलेनासा झाला' या दोन वाक्यांत त्या मुलाचा पूर्वेतिहासच वेगळा आहे.

हा भेद केवळ मराठीचा नाही. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. येथे कोकणी मुसलमान आणि आगरी यांच्या बोली आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांची उर्दू आहे आणि पद्मानगरात पद्मशाली समाजाची तेलुगू आहे. उर्दू बोलणारी आई 'इसे चलना नहीं आता' आणि 'इससे चला नहीं जाता' ही दोन वाक्ये कटाक्षाने वेगळी ठेवते. तेलुगू बोलणारी आई 'नडवडं रादु' म्हणते तेव्हा तिचे 'रादु' हे आपल्या 'येत नाही'चेच भावंड असते. आणि बळ नसल्यास ती 'नडवलेदु' म्हणते. मरे बी. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, निरनिराळ्या कुळांतील भाषांनी सहवासाने समान लकबी धारण केल्या आहेत, अशी मांडणी केली होती. भिवंडीच्या रुग्णालयाच्या बाकावर तिचा प्रत्यय येतो : शेजारी शेजारी बसलेल्या तीन भाषांच्या तीन आया एकच भेद तीन प्रकारे बोलत असतात.

३

आता वाङ्मयाकडे वळू.

'नातीगोती' या नाटकाच्या केंद्रस्थानी एक मध्यमवर्गीय काटदरे दांपत्य आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू आहे. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात पित्याची आणि अतुल परचुरे यांनी बच्चूची भूमिका केली होती. मराठी रंगभूमीवर अशा घराला दिवाणखान्याचा दर्जा मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. दळवींनी हा विषय कीर्तनाच्या स्वरात मांडला नाही. आईबापांची थकावट, त्यांची ओढाताण आणि आपल्या पश्चात काय, हा न सुटणारा प्रश्न त्यांनी प्रेक्षकांपुढे ठेवला. परंतु नाटकाचे नावच त्याचा केंद्रबिंदू सांगते. विषय आहे तो नात्यांचा, म्हणजे मुलाच्या असण्याने मोठ्या माणसांच्या संबंधांवर काय परिणाम होतो याचा. आपल्या चौकटीत सांगावयाचे तर 'सोसवत नाही' हे शक्य क्रियापद नाटकाने आईबापांना दिले. मुलाच्या वाट्याला आले ते 'येत नाही'. त्याला कळत नाही, त्याला बोलता येत नाही, हे आपण पाहतो; पण त्यालाही काही सोसवत नसेल, त्याच्या देहालाही काही होत असेल, ही शक्यता नाटकाच्या रचनेत महत्त्वाची ठरत नाही.

'चौकट राजा'तील नंदू लहानपणी अपघाताने डोक्याला मार बसून मतिमंद झालेला आहे. वयाने तो वाढला, मन मुलाचेच राहिले. येथे तीच भूमिका प्रभावळकरांनी उलट बाजूने केली. 'नातीगोती'तील पिता येथे मूल झाला. सुलभा देशपांडे यांनी नंदूच्या आईचे काम केले आहे. चित्रपटाच्या लोकप्रियतेने मराठी घरांतून या विषयावर बोलणे सुकर झाले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि समीक्षकाला दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली अशी की, येथे विकलतेला एक क्षण, एक कारण आणि म्हणून एक अपराधभावना आहे. कथानकाला हे सोयीचे असते. बहुतेक आईबापांना असा क्षण सापडत नाही. ते आयुष्यभर तो शोधत राहतात आणि शेजारीपाजारी त्यांना तो शोधून देण्यास तत्पर असतात. दुसरी गोष्ट अशी की, नंदू शरीराने धडधाकट आहे. मंद बुद्धी आणि निकोप देह ही जोडी मराठी प्रेक्षकाच्या मनात या चित्रपटाने दृढ केली. वास्तवात ही जोडी नेहमीची नाही. गोळ्या, आकडीची भीती, शस्त्रक्रियेचा व्रण, गिळण्याची अडचण ही अशा घरातील रोजची भाषा असते. तिला कथानकात जागा मिळत नाही, कारण तिला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो.

'श्वास'चे वेगळेपण येथे उठून दिसते. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात कोकणातला एक आजोबा आपल्या नातवाला शहरातील रुग्णालयात आणतो. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असून जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. आजोबाला सांगता येते, पण सांगवत नाही. संपूर्ण चित्रपट या एका शक्य क्रियापदावर उभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय येथे मुलाच्या बाजूनेही तेच क्रियापद काम करते. त्याचा संताप आणि त्याचे आक्रंदन यांना आजोबा हट्ट समजत नाही. २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला तो अन्य गुणांसाठीही असेल. आपल्यापुरते महत्त्व याचे की, मोठ्या माणसाने मुलासाठी शब्द शोधणे ही येथे कथेतील प्रमुख कृती झाली आहे. मात्र 'श्वास'चा आजार एक आहे आणि शस्त्रक्रियेला दिवस ठरलेला आहे. ज्या घरात शस्त्रक्रियेनंतरही दुसरे दुखणे रांगेत उभे असते, त्या घराची कथा तेथेही नाही.

तात्पर्य, या तीन कृतींनी मिळून आईबापांचे 'सोसवत नाही' मराठीत प्रतिष्ठित केले. मुलाचे 'करवत नाही' मात्र 'श्वास' वगळता अनुच्चारित राहिले. आणि 'श्वास'मधील मुलाची बुद्धी तल्लख आहे. ज्याला येतही नाही आणि करवतही नाही, असे मूल या तिन्ही कृतींच्या बाहेर आहे.

४

केसपेपरात वरील चार वाक्यांचे काय होते? चौघांच्या जागी एकच नोंद येते : 'नॉट वॉकिंग'. मागे 'डिलेड माइलस्टोन्स' असा शेरा असतोच. मैलाच्या दगडांचे हे रूपक असे गृहीत धरते की, रस्ता एकच आहे आणि मूल त्यावर मागे राहिले आहे. मूल वाटेत बसले असेल, त्याच्या पायात काटा असेल, किंवा ते आलेल्या वाटेने मागे वळले असेल, हे त्या शेऱ्यात मावत नाही. डॉक्टरांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. एका सकाळी शंभर मुले तपासणारा माणूस संक्षेपानेच लिहिणार. पण संक्षेपात काय गळते, हे सांगणे भाषाभ्यासकाचे काम आहे.

जे गळते त्याला वैद्यकात नाव आहे. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली एक दोष दाखवून दिला. रुग्णाला बौद्धिक अक्षमता आहे हे एकदा कळले की, त्याची अन्य लक्षणेही त्या अक्षमतेच्याच खात्यावर मांडली जातात आणि स्वतंत्र व्याधी नजरेतून सुटते. रीस यांचा विषय मानसिक विकारांचा होता. पुढे शारीरिक दुखण्यांच्या बाबतीतही हाच दोष आढळू लागला. मराठीत त्याला 'निदानछाया' म्हणता येईल. मोठ्या निदानाच्या छायेत लहान निदान झाकले जाते. मूल हाकेला ओ देत नाही, तर 'त्याला समजत नाही'. कानात द्रव साचला आहे हे पुढे कधीतरी कळते. मूल डोके आपटते, तर 'अशी मुले आपटतातच'. दाढ किडली आहे हे कोणी पाहत नाही. व्याकरणाच्या परिभाषेत, 'करवत नाही' या वाक्याचे 'येत नाही' किंवा 'करत नाही' असे रूपांतर होते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरचा एक प्रसंग येथे पुराव्यादाखल देते. कन्या सहा वर्षांची असता जिना चढताना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसू लागली. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. त्यापूर्वी ती कठडा धरून वरपर्यंत येत असे. व्यायाम शिकविणाऱ्या एका जाणत्या व्यक्तीने वहीत 'अनकोऑपरेटिव्ह' असा शेरा लिहिला, आणि लेखिकेने, जी भाषाशास्त्राची पदवी मिरविते, तो जसाच्या तसा स्वीकारला. बक्षिसे लावली, रागे भरली, एकदा तर तिला तेथेच बसवून वर निघून आली. घरातल्या सासूबाई तेवढ्या म्हणत होत्या, 'तिला चढवत नाही गो.' हे वाक्य त्यांनी चार महिन्यांत किमान वीस वेळा उच्चारले असेल. ते म्हातारपणीच्या मायेचे बोलणे म्हणून सोडून दिले गेले. पुढे रक्त तपासले तेव्हा थायरॉइडचे मांद्य निघाले. डाउन सिंड्रोमच्या मुलांत ही तपासणी दरवर्षी करावी, असा बालरोगतज्ज्ञांचा प्रसृत संकेत आहे. आमच्याकडून एक वर्ष चुकले होते. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ती जिना चढू लागली.

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी निदान केले नव्हते. त्यांनी अचूक क्रियापद वापरले होते. 'चढत नाही' असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. ज्या व्यक्तीला शक्य क्रियापदाची व्याख्या पाठ होती, तिला ते ऐकू आले नाही. यात केवळ वैयक्तिक पश्चात्ताप असता तर तो या पत्रिकेत मांडण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा आहे की, घरातल्या बोलीतील वाक्याला इंग्रजी शेऱ्यापुढे पुराव्याचा दर्जा का नसावा?

५

कागदपत्रांपैकी दुसरा कागद प्रमाणपत्राचा. येथे क्रियापद नाहीच. नाम आणि आकडा एवढेच आहे.

नामांचा इतिहास उद्बोधक आहे. डाउन यांनी वापरलेला वंशवाचक शब्द मंगोलियाच्या हरकतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली सोडला. मराठीत 'खुळा' गेला, 'मतिमंद' आला. तो बोचू लागला तेव्हा 'गतिमंद' आणि 'विशेष' आले. २०१५ सालच्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'दिव्यांग' हा शब्द सुचविला आणि महाराष्ट्रात २०२२ साली त्या नावाचा स्वतंत्र शासकीय विभाग झाला. २०१६ च्या अधिकार कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि एकाहून अधिक प्रकार असल्यास 'बहुविकलांगता' हेही सदर ठेवले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु शब्दाच्या सौजन्याविषयी आपण जितका वाद घातला, त्याचा दशांशही वाद त्या शब्दामागील वाक्याविषयी घातला नाही. नाम कितीही गोड असले तरी ते माणसाला एका स्थितीत बसविते. 'आज', 'अजून', 'पूर्वी' यांना त्याच्याजवळ जागा नसते.

आकड्याचेही तसेच. दोन अक्षमता असल्यास त्यांची टक्केवारी सरळ मिळविली जात नाही. मोठा आकडा घ्यावयाचा. नव्वदातून तो वजा करावयाचा. उरलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणून नव्वदाने भागावयाचे आणि आलेले फळ मोठ्या आकड्यात मिळवावयाचे. समजा, मध्यम बौद्धिक अक्षमतेचे ७५ टक्के आणि श्रवणदोषाचे ४० टक्के आहेत. ९० वजा ७५ म्हणजे १५. त्यास ४० ने गुणून ९० ने भागले असता ६.६७ येतात. एकूण ८१.६७. बेरीज शंभरापलीकडे जाऊ नये म्हणून हे गणित आवश्यक आहे, हे मान्य. सवलतीच्या दृष्टीने ४० टक्क्यांची मर्यादा ओलांडली म्हणजे काम झाले, हेही मान्य. पण घरात तो कान ६.६७ टक्क्यांचा नसतो. ऐकू न येण्याने न समजणे वाढते आणि न समजण्याने ऐकू येत नाही हे लपते; दोन अडचणी एकमेकींना गुणत असतात, आणि कागद त्यांना भागत असतो. हृदयविकार आणि थायरॉइड यांना तर त्या एकवीस प्रकारांत स्थानच नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि विकासातील विलंब असे चार वर्ग एकत्र पाहण्याची दृष्टी दिली, ही मोलाची गोष्ट होय. तरी ज्या मुलाला चारही आहेत, त्याच्या आईला अनेकदा चार खिडक्यांसमोर उभे राहावे लागते आणि प्रत्येक खिडकीवर पहिल्यापासून सांगावे लागते. भिवंडीहून ठाण्याला बस किंवा रिक्षा आणि तेथून लोकलने परळ, असा प्रवास करून ती जेव्हा पोहोचते, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासाठी दोन मिनिटे असतात. त्या दोन मिनिटांत कोणते क्रियापद निवडावे, हे तिच्यापुढील काम कोणत्याही संपादकाच्या कामाइतके कठीण आहे.

६

यालाच जोडून एका प्रचलित उपदेशाची परीक्षा करणे अवश्य आहे. मुलाला उशिरा बोलता येते असे दिसले की, 'घरात एकच भाषा ठेवा', असे आईबापांना सांगितले जाते. आणि ती एक भाषा बहुधा घरची नसते, शाळेची असते. भिवंडीत याचा अर्थ असा की, तेलुगू बोलणारी आई मुलाशी मोडक्या हिंदीत बोलू लागते आणि मराठी आई इंग्रजी नामांची यादी पाठ करून घेते. हा उपदेश सद्हेतूने केला जातो; त्याला आधार मात्र दुर्बळ आहे. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातून २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांची तुलना त्याच स्थितीतील एकभाषिक मुलांशी केली होती. द्विभाषिकतेमुळे त्यांच्या भाषाविकासाची हानी झाल्याचे आढळले नाही.

या उपदेशाने होणारी हानी मुलापेक्षा आईच्या बाजूने अधिक आहे, असे लेखिकेस वाटते. परक्या भाषेत नामे लवकर येतात. क्रियापदांच्या छटा सर्वांत शेवटी येतात, पुष्कळदा येतच नाहीत. 'नडवलेदु' आणि 'रादु' यांतला भेद जिला जन्मापासून ठाऊक आहे, ती हिंदीत 'चलता नहीं' एवढेच म्हणू शकते, आणि आपल्याच तोंडाने आपल्या मुलाला हट्टी ठरवून बसते. घरची भाषा सोडावयास लावणे म्हणजे तिच्या हातातील सर्वांत सूक्ष्म निरीक्षणसाधन काढून घेणे होय.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सर्वच आया व्याकरणशुद्ध भेद पाळतात असे नाही. थकलेली आई 'चालत नाही' असेच म्हणेल आणि तिच्या मनात 'चालवत नाही' असेल. आक्षेप रास्त आहे. शक्य क्रियापदाचा वापर शहरी मराठीत कमी होत चालला असून तरुण वक्ते 'चालू शकत नाही' अशी रचना सर्वत्र योजतात, हेही खरे. 'शकणे' हे क्रियापद कौशल्य आणि बळ या दोहोंना एकाच पोत्यात घालते. म्हणूनच येथे असा दावा नाही की, वाक्यावरून निदान करावे. दावा एवढाच आहे की, वाक्य ऐकून पुढचा प्रश्न विचारावा : 'येत नाही की करवत नाही? की पूर्वी करत होती आणि आता करेनाशी झाली?' या प्रश्नाला यंत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आईबापांच्या निरीक्षणातून संस्था उभ्या राहिल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. १९४४ साली मुंबईत हॉर्मसजी आणि जेरबाई वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येसाठी जी शाळा काढली तीच पुढे जय वकील शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्थापलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटीच्या मुळाशीही त्यांच्या कन्येच्या शिक्षणाचा प्रश्न होता. शाळा निघाल्या, कायदे झाले. अशा घरातील भाषेची नोंद मात्र झालेली नाही.

वाङ्मयाकडून अपेक्षा करावयाची ती अशी की, पुढील लेखकाने अशा मुलाला आईबापांच्या दुःखाचे निमित्त न करता त्याच्या देहाकडेही पाहावे. त्याला एखाद्या दिवशी ताप असावा, त्याचा कान दुखावा, आणि कथेतील कोणालातरी ते ओळखता यावे. आपल्या विभागाकडून अपेक्षा याहून सोपी आहे. ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोकणी मुसलमानी, उर्दू व तेलुगू बोलणाऱ्या आया मुलाच्या अडचणी कोणत्या वाक्यांनी सांगतात, याचा एक लहानसा संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी करावा. नावे घेऊ नयेत, केवळ वाक्ये घ्यावीत; प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले एवढे लिहावे. संग्रह तयार झाल्यावर तो बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवून केसपेपरात या चार वाक्यांसाठी चार रकाने करता येतील काय, हे विचारावे.

संग्रहातील पहिले वाक्य प्रस्तुत लेखिका येथेच नोंदविते : 'तिला चढवत नाही गो.' वक्ती, आगरी भाषक, वय सत्तरीच्या पुढे; स्थळ, भिवंडीतील एका इमारतीचा जिना; प्रसंग, नात तिसऱ्या पायरीवर बसली असता.